समाचाराला आलेली माणसं

३ ऑगस्ट, रविवार

कृषी केंद्राने फुकट दिलेली ही डायरी सात महिने टीव्हीमागे धूळ खात पडली होती. प्रत्येक पानाच्या डोक्यावर खताची जाहिरात, तळाशी सुविचार. मधली जागा माझी. आजपासून लिहायचं ठरवलं, कारण घरात बोलून दाखवता येत नाही अशी धाकधूक कुठेतरी ठेवायला हवी.

धाकधूक अशी. अमरावतीहून बडनेऱ्याला जाताना रस्त्यालगत आमचा भाजीचा मळा आहे. जूनमध्ये मी मामाजींना, म्हणजे माझे सासरे वामनराव यांना, म्हटलं की विहिरीजवळच्या एकरात यंदा सोयाबीन नको, महालक्ष्म्यांच्या भाज्या लावू. महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, नैवेद्याला सोळा भाज्या लागतात आणि त्या जमवायला बाया चार बाजार पालथे घालतात. ढेमसं मिळालं तर अंबाडी नाही, अंबाडी मिळाली तर पडवळ नाही. आपण बावीस प्रकार लावू, लोकांनी वेबसाइटवर आपापल्या सोळा निवडाव्यात, आपण टोपली घरपोच द्यायची. योगेश हसला. नवरा आहे, हसणारच. सासूबाई म्हणाल्या, भाजी का फोनवर पिकते? मामाजी दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बैल सोडता सोडता म्हणाले, "तू म्हन्ते त लावतो."

त्या एका वाक्यावर अख्खा एकर उभा आहे. आता मांडवावर पडवळं लोंबताहेत, धोप्याची, म्हणजे अळूची, पानं सुपाएवढी झाली आहेत, आणि मला पाहवत नाही. कारण महालक्ष्म्या जेवून गेल्या की एवढ्या पडवळाला कुत्रंही विचारत नाही. भाज्या खपल्या नाहीत तर मामाजी मला शब्दानेही बोलणार नाहीत, आणि तेच मला सहन होणार नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

आज वेबसाइट सुरू झाली. तिची जागा चारुशीलाकाकूंच्या मुलाकडून, अद्वैतकडून, भाड्याने घेतली आहे. काकू रुक्मिणीनगरात राहतात, मराठीच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. सासूबाई तीस वर्षं त्यांच्याकडे भाजी नेतात. अद्वैत राजापेठेत बसतो आणि लोकांना वेबसाइटसाठी जागा देतो. आमची जागा सगळ्यात स्वस्तातली. एका सर्व्हरवर पुष्कळ बिऱ्हाडं, त्यात एक आमचं.

पहिल्या पानावर मळ्याचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात मामाजींचं नाव. मग बावीस भाज्या, प्रत्येकीखाली किती गेली, किती उरली. फोटो योगेशने काढले. इतके मोठे काढले की कारल्याचा एकेक काटा मोजून घ्यावा. मामाजींना दाखवायला गेले तर ते म्हणाले, हाताले माती हाये, मंग पाहू.

९ ऑगस्ट, शनिवार

मागण्या येताहेत. पहिली काकूंची. दुसरी अकोल्याहून, गीतांजलीच्या गल्लीतली. गीतांजली माझी शाळेतली मैत्रीण, जठारपेठेत शिवणकाम करते. अकोल्याच्या टोपल्या तिच्या घरी उतरणार आहेत.

रात्री जेवताना मामाजी म्हणाले, अंबाडी कमीच चालली, नाही? मी थक्क झाले. खरंच अंबाडी सगळ्यात मागे आहे. जुन्या माणसांना बाजाराचा अंदाज बसल्या जागी येतो, हे खरंच.

योगेशची कुरकूर चालू आहे की मामाजींचा रोजचा नेटपॅक दुपारीच संपतो. पोळा जवळ आला, बैलजोड्यांचे व्हिडिओ बघत असतील. बघू देत बिचारे.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी वेबसाइट उघडली तर पांढरं पान. वाटलं आपल्याच फोनचं काहीतरी. योगेशच्या फोनवर, शेजारणीच्या फोनवर, सगळीकडे पांढरंच. अद्वैतला फोन केला. तो म्हणाला, "ताई, सर्व्हरवर हल्ला झाला आहे."

दिवसभर भाजी तोडताना हात चालले, डोकं चाललं नाही. आपल्यावर हल्ला कोण करणार? तर एकच नाव समोर आलं: शेषराव. भाजीबाजारातले अडते. मागच्याच आठवड्यात योगेशला म्हणाले होते, सून मोबाइलवर भोपळे विकते म्हणे, आमच्या पोटावर पाय नका देऊ. हसत म्हणाले, पण हसणाऱ्या माणसाचे दात मोजावेत असं आमची आजी म्हणायची.

१२ ऑगस्ट, मंगळवार

राजापेठेत जाऊन अद्वैतला भेटले. शांत पोरगा आहे, आग लागली तरी आधी चहा मागवील. त्याने समजावून सांगितलं. जगभरातली हजारो यंत्रं एकाच वेळी दार ठोठावतात. घ्यायचं काही नसतं. कौंडण्यपूरच्या जत्रेत दुकानासमोर नुसती माणसं उभी केली तर खऱ्या गिऱ्हाइकाला आत शिरायला वाट राहत नाही, तसं. आणि हा हल्ला आमच्यावर नव्हताच. त्याच सर्व्हरवर दुसरं कोणाचं तरी दुकान आहे, त्यांच्यावर होता. आम्ही शेजारी म्हणून बुडालो. आपल्यावर कोणी हल्लासुद्धा करीना, याचं खरं सांगायचं तर थोडं वाईटच वाटलं.

मला ते लगेच कळलं, कारण मी अकोल्याची. आमच्याकडे नळ येतो तोच मुळी चार-पाच दिवसांनी, आणि आला की खालच्या अंगाचा कोणीतरी नळाला टिल्लू पंप लावतो. मग वरच्या साऱ्या गल्लीच्या घागरी कोरड्या. अद्वैतला सांगितलं तर तो म्हणाला, ताई, मी चार वर्षं लोकांना शेअर्ड होस्टिंग समजावतो आहे, हे मला सुचलं नाही.

संध्याकाळी त्याने त्या शेजाऱ्याला दुसरीकडे हलवलं. आपली सुरू झाली. जेवताना मामाजींना सांगितलं, तर ते म्हणाले, हो, चार वाजता लागली. चार वाजताच लागली होती खरी. योगेशने फोन केला असेल.

१३ ऑगस्ट, बुधवार

काकूंनी आमच्यासाठी मनावर घेतलं. त्यांच्या भजनी मंडळाच्या, भिशीच्या, माजी विद्यार्थिनींच्या आणि कुठकुठल्या ग्रुपांवर त्यांनी निरोप टाकला. तो मला इतका आवडला की उतरवून ठेवते: "चि. रागिणीच्या संकेतस्थळावर दुष्टांनी हल्ला केल्यामुळे ते दोन दिवस आजारी होते. सर्व भगिनींनी दिवसातून वेळोवेळी त्याचा समाचार घेत राहावा."

योगेश म्हणाला, समाचार घ्या म्हणजे बदडून काढा का? मी म्हटलं, मराठी सुधारा. सासूबाई म्हणाल्या, गेल्या साली मले टायफॉइड झाला तवा अख्खं गाव समाचाराले आलं, दुखण्यापरीस समाचारानंच जास्त थकली. आम्ही पोट धरून हसलो. पण मला बरं वाटलं. एवढी माणसं आपल्या पाठीशी आहेत.

निरोप अकोल्यापर्यंत गेला. गीतांजलीने हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

पुन्हा बंद. सर्व्हरने आमचं खातं आपोआप रोखलं. कारण लिहिलं आहे: मर्यादेपेक्षा जास्त भेटी. अद्वैत बहिणीकडे नागपूरला गेला आहे. फोनवर म्हणाला, भेटी देणाऱ्यांचे पत्ते कुठे दिसतात ते सांगतो, त्यातले फार त्रास देणारे असतील ते अडवा.

मी पत्ते एकेक करून पाहिले. मागच्या वेळी म्हणे जगभरातले होते. या वेळी सगळे इथले! अमरावती, अकोला, अमरावती, अकोला. येतात, पहिलं पान बघतात, काही न घेता निघून जातात. थोड्या वेळाने पुन्हा हजर. पहाटेपासून रात्रीपर्यंत. हे काय यंत्राचं काम नाही, माणसं बसवली आहेत कोणीतरी. आता शेषराव सुटत नाहीत.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज मी माझ्या हाताने हल्ला परतवला. सारखे सारखे येणारे सगळे पत्ते एकेक करून अडवले. शिवाय अडवलेल्या माणसाला काय दिसावं तेही लिहिता येतं, ती जागा अद्वैतने दाखवून ठेवली होती. इंग्रजीत काहीतरी मिळमिळीत होतं. मी ते पुसून ठणठणीत मराठीत लिहिलं: "तुमचे उद्योग आम्हाला कळले आहेत. पुन्हा या दारात पाऊल टाकू नका."

वाचा म्हणावं शेषराव.

वेबसाइट तासाभरात अशी पळायला लागली की जणू रस्ता मोकळा. पानाच्या तळाशी आजचा सुविचार: धैर्य हाच खरा मित्र. पहिल्यांदाच पटला.

२० ऑगस्ट, बुधवार

वेबसाइट धडधाकट आहे. मागणी मात्र एकही नाही. काल नाही, आज नाही. लोक मेले अगदी शेवटच्या दिवशी जागे होतात. काकूंचाही फोन नाही. महालक्ष्म्यांच्या तयारीत असतील. एकदा मी केला तर उचलला नाही.

मामाजी परवापासून ओसरीवर जेवताहेत. म्हणाले, आत गरम होते. पावसाळ्यात कसलं गरम? वय झालं की असं होतं. चांगली गोष्ट एवढीच की त्यांचा नेटपॅक आता दिवसभर पुरतो. योगेश खूश.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

बैलांना न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली, पुरणपोळी झाली. मामाजींनी ताट ओसरीवरच घेतलं. वाढायला गेले तर हळूच म्हणाले, "आपली अजून लागून नाही राह्यली का?" मी म्हटलं, लागते की, सकाळीच लावली, विहिरीला पाणीही भरपूर आहे. ते माझ्याकडे बघत राहिले, मग जेवायला लागले. मोटरीची काळजी यांना पोळ्याच्या दिवशीही सुटत नाही.

संध्याकाळी बैलजोड्या उभ्या करतात त्या तोरणाखाली शेषराव भेटले. मी सरळ म्हटलं, काका, दार लावलं आहे आम्ही, आता निवांत झोपा. ते बावळटासारखे बघत म्हणाले, "काहून? चोर आले होते का?" काय नाटकी माणूस आहे.

एकरात दोडके तटतटून आले आहेत. आठवडाभर कोणी घेतले नाहीत तर जरठ होतील. आज पहिल्यांदा वाटलं की आपण चुकलो. हे इथे लिहिते आहे, घरात कोणाला सांगितलं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळच्या एसटीने अकोल्याला गेले, टोपल्या ठेवायची जागा बघायला. गीतांजलीने चहा दिला. साखर नव्हती. तिच्या हातून साखर सुटणं म्हणजे काहीतरी बिनसलं आहे. ती पावसाबद्दल बोलली, सुयांच्या किमतीबद्दल बोलली, मशीनचं पायडल चालवत राहिली. शेवटी मीच विचारलं, तुझ्या गल्लीतून मागण्या का थांबल्या गं?

ती उठली, फोन आणून माझ्यासमोर धरला. त्यावर माझंच वाक्य होतं. तुमचे उद्योग आम्हाला कळले आहेत. पुन्हा या दारात पाऊल टाकू नका.

"काकूचा निरोप आला म्हनून मी त शिवता शिवता दहा डाव पाहून येत होती, लागली का, लागली का," ती म्हणाली. "साऱ्या गल्लीच्या बाया पाहत होत्या. अन् तू आमाले हे लिवलं?"

मला सगळं लख्ख दिसलं. पहाटेपासून येणारी माणसं. पहिलं पान बघून जाणारी. काही न घेता पुन्हा पुन्हा येणारी. हल्लेखोर कसले, समाचाराला आलेल्या बाया होत्या त्या. त्यांनी माझा समाचार घेतला आणि मी त्यांचा घेतला.

गीतांजलीला सगळं सांगितलं. ती आधी रागावली, मग हसायला लागली, मग डोळे पुसून दुसरा चहा टाकला. त्यात साखर दुप्पट होती.

येताना मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत रडले. शेजारच्या बाईने विचारलं, माहेरून चालल्या का? मी मान हलवली.

२४ ऑगस्ट, रविवार

अद्वैत आला आहे. त्याने पत्ते पाहिले आणि डोक्याला हात लावला. मोबाइल कंपनीचा एकेक पत्ता हजारो माणसं मिळून वापरतात म्हणे, आमच्या सर्व्हरसारखाच. मी एका शेषरावांना अडवायला गेले आणि अर्धी अमरावती, अर्धं अकोला दाराबाहेर काढलं. मी मालकिणीच्या किल्लीने आत शिरत होते, म्हणून मला ते कधी दिसलंच नाही. त्याने सगळे पत्ते मोकळे केले, फोटोही हलके केले. पण मन कसं मोकळं करायचं ते त्याच्याकडे नव्हतं. म्हणाला, आई काही बोलत नाही, ते वाक्य मात्र आल्याआल्या तिने मला वाचून दाखवलं.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या गवार मोडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "मी तीस वर्सं त्यायच्या फाटकाबाहेर टोपलं घेऊन उभी राह्यली. पन त्यायनं कवा असं लिहून नाही लावलं."

मग गवार मोडायला लागल्या. मला कोणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

सासूबाईंना घेऊन काकूंकडे गेले. काकू अंगणात जास्वंदीची फुलं काढत होत्या. फाटकापाशी आल्या, पण उघडलं नाही. मी बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं, काकू, ते तुमच्यासाठी नव्हतं, चोर समजून लिहिलं, चुकलं माझं.

काकूंनी हातातली फुलं परडीत टाकली. मग म्हणाल्या, "दारात पाऊल टाकत नाहीत, रागिणी. ठेवतात. इतकं कठोर लिहायचं तर निदान शुद्ध लिहावं." आणि फाटक उघडलं.

सासूबाई सवयीने बाहेरच थांबल्या होत्या. काकू त्यांना म्हणाल्या, शकुनबाई, तुम्ही काय मुहूर्त बघताय? मग त्याही आल्या. स्वयंपाकघरात बसून आम्ही पोहे खाल्ले. काकूंनी कबूल केलं की त्या स्वतः दिवसातून पंधरा-वीस वेळा उघडत होत्या, आणि उघडली नाही की आणखी दोघींना फोन करून उघडायला सांगत होत्या. आजाऱ्याला बघायला गेलं आणि दार बंद दिसलं तर माणूस जास्तच वाजवतो, नाही का? असं त्यांनी मलाच विचारलं.

पण खरा पेच पुढे आहे. मागण्या घ्यायला चारच दिवस उरले. काकूंनी सगळ्यांना पुन्हा बोलवायचं म्हटलं तर सगळ्या एकदम येणार, आणि वेबसाइट पुन्हा झोपणार. मोठी जागा घ्यायची तर हलवाहलवीत दोन दिवस जातील आणि काही चुकलं तर सगळंच गेलं, असं अद्वैत म्हणतो.

पोहे खाता खाता मला अकोला आठवलं. नळ. टिल्लू पंपाचा कितीही राग आला तरी शेवटी गल्ली चालते कशावर, तर नंबरावर. आज या भागाला पाणी, उद्या त्या. मी म्हटलं, काकू, गल्लीगल्लीला वेळ वाटून देऊ.

काकूंनी लगेच चष्मा लावला. बाईंनी आयुष्यभर शाळेचं वेळापत्रक केलेलं. घटकाभरात वेळा वाटून झाल्या: सकाळी आठ ते नऊ रुक्मिणीनगर, मग अंबापेठ, मग राजापेठ, दुपारी जठारपेठ, आणि असंच पुढे. निरोपाच्या शेवटी मी एक ओळ घालायला लावली: आपलं भरून झालं की तोटी बंद करावी.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

गणपती बसले. आणि वेबसाइट दोन दिवसांत एकदाही पडली नाही.

अमरावतीकरांना वेळ पाळायला जरा जड गेलं. अंबापेठेतल्या एक बाई रुक्मिणीनगराच्या वेळेत घुसल्या, तर काकूंनी त्यांना ग्रुपवर सर्वांदेखत उभं केलं. अकोल्याच्या बायांना मात्र एकदा सांगावं लागलं नाही. गीतांजली म्हणाली, आमच्या बाया घड्याळ लावून बसल्या, टाइम झाला की उघडलं, भरलं, बंद. जन्म गेला यात.

दोडके संपले. बरबटी संपली. काकू तिला चवळीच्या शेंगा म्हणतात आणि वेबसाइटवर तसंच लिहायला लावलं होतं. आज बरबटी असं केलं तेव्हा कुठे ती हलली.

शेषरावांकडेही जाऊन आले. सगळं ऐकून ते एवढे हसले की पानाचा विडा बाहेर आला. म्हणाले, मले सायट कशी उघडते ते बी नाही मालूम वो. वर टोपल्या बांधायला सुतळीचा गठ्ठा दिला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी मी स्वयंपाकघरात बसून रविवारच्या वाटपाचा हिशेब लावत होते, म्हणजे कोणत्या गावाला किती टोपल्या. मामाजी वावरातून आले. पाय धुतले. आत येतील म्हणून मी पाट सरकवला, तर ते उंबऱ्याबाहेरच थांबले. हातात फोन होता.

"रागिनी, माहा नंबर कवा हाये?"

मी विचारलं, कशाचा नंबर?

"सायट पाहाचा. साऱ्या गल्ल्यायले टाइम देला तुनं. मळ्याचा टाइम काई दिसला नाही."

मी उठून त्यांचा फोन घेतला. त्यावर दहा दिवसांपूर्वीचं पान तसंच उघडं होतं. तुमचे उद्योग आम्हाला कळले आहेत. पुन्हा या दारात पाऊल टाकू नका. खाली, मळ्याच्या फोटोच्या जागी, काहीच नाही.

नेटपॅक. अंबाडी. चार वाजता लागली. आत गरम होते. लागून नाही राह्यली का. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. बैलांचे व्हिडिओ कसले, हा माणूस बांधावर बसून दिवसभर आपल्या ढेमशांचे आकडे बघत होता. जूनपासून एकदाही विचारलं नाही, खपेल का म्हणून. फोनला विचारत होता. आणि फोनने त्याला, माझ्या शब्दांत, त्याच्याच घराच्या दारातून हाकललं.

मी म्हटलं, मामाजी, हे तुमच्यासाठी नव्हतं. तुम्ही मला विचारायचं तरी.

ते म्हणाले, "इचारू काय? तुया शब्दावर एकर लावला. मंग तुया शब्दावर ओसरीत बसलो, त का झालं?"

मी पदर डोळ्यांना लावून उभी राहिले. मागून सासूबाई म्हणाल्या, बुढा झोपतानी बी तेच पाहे, किती सरले अन् किती राह्यले. मले वाटलं तुले मालूम असन.

मी त्यांना हात धरून आत आणलं. आजवर सासऱ्यांचा हात धरला नव्हता. पाटावर बसवलं, पान नव्याने उघडून दिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि अंबाडीपाशी थांबले. अंबाडीखाली "संपली" असं होतं. ते बोटाने तो शब्द जरा मोठा करून बघत राहिले.

रात्रीच्या निरोपात काकूंना एक ओळ वाढवायला सांगितली. दुपारी चार ते पाच: मळा.

१ सप्टेंबर, सोमवार

काल पहाटेपासून योगेशचा टेम्पो अमरावती आणि अकोला करत होता. सगळ्या टोपल्या पोचल्या. एका घरी पडवळ वाकडं गेलं म्हणून तक्रार आली, तेवढीच. आज घरोघरी महालक्ष्म्या जेवताहेत. सासूबाई काकूंकडे सवाष्ण म्हणून गेल्या आहेत. फाटकातून जाताना डोक्यावर टोपलं नव्हतं, म्हणून मान कुठे ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं, असं योगेश सांगत होता.

चार वाजले. मामाजी हात धुऊन आत आले, पाटावर बसले, वेबसाइट उघडली. आता तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही. बावीस भाज्या आणि बावीस ठिकाणी संपली, संपले, संपलं. तरी त्यांनी वरपासून खालपर्यंत एकेक वाचली. मी चहा ठेवला.

पाच वाजत आले तसा त्यांनी फोन बंद केला आणि म्हणाले, "दोन पडवळं बियाले ठेवले वेलावर. ते नको टाकजो सायटीवर."

मी म्हटलं, नाही टाकत.